भोयर सिस्टर आणि पाच तारीख

पाच तारखेला आमच्या शाखेचं शटर वर जायच्या आधीच भोयर सिस्टर पायरीवर बसलेल्या असायच्या. एक पाय दुमडलेला, दुसरा सरळ समोर काढलेला, कारण तो दुमडायला तयार नव्हता. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत पासबुक, पाण्याची बाटली आणि साबणाची डबी. बँकेत साबण कशाला, असं एकदा आमच्या नव्या क्लार्क पोरीनं विचारलं आणि हात कोपरापर्यंत कसे धुतात याचं प्रात्यक्षिक तिला ऐन गर्दीच्या वेळी पाहावं लागलं. सिस्टरांचं म्हणणं असं, की नोटेइतकी घाण वस्तू बाळंतिणीच्या खोलीतसुद्धा नसते. पैसे भरून झाले की त्या आमच्या बेसिनवर जात, सावकाश हात धुत आणि ओले हात वर धरून तशाच काऊंटरवर येत. मग पासबुक मी भरायचं आणि त्यांच्या पिशवीत मीच टाकायचं.

पांढरकवड्याच्या त्या शाखेत काऊंटरवर बसून मी म्हातारा झालो. मूळचा बोरी अरबचा. घराजवळ बदली मागत राहिलो आणि ती मिळाली तेव्हा घरी कोणी वाट बघणारं उरलं नव्हतं. सिस्टरांच्या घराला लागून मी भाड्यानं राहत होतो, मधे कमरेएवढी भिंत. त्यामुळे बँक बंद झाली तरी माझी सुटका नसे. जेवायला बसलो की भिंतीवर पासबुक टेकायचं आणि त्यामागून आवाज यायचा, "जेवा भाऊ तुमी. मंग सांगा हे कायचे कापले."

आयुष्यभर मी लोकांना 'हे कायचे कापले' याचीच उत्तरं दिली. मिनिमम बॅलन्सचे कापले, मेसेजचे कापले, कार्डाचे कापले, हप्ता परत गेला त्याचे कापले. उत्तर बरोबर असायचं, नियमाला धरून असायचं, आणि ते देताना दर वेळी थकवा यायचा. खोटं बोलताना माणूस इतका थकत नसावा.

सिस्टरांनी उभी नोकरी केळापूर तालुक्यात काढली, नर्स म्हणून, गावोगावच्या आरोग्य उपकेंद्रांवर. जिथं एसटी संपते तिथून पुढं त्यांची ड्यूटी सुरू व्हायची. कोलामांच्या पोडांवर, टेकड्यांच्या कुशीतल्या त्या लहान लहान वस्त्यांवर, त्या पायी जात. तालुक्यातली निम्मी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, असं लोक म्हणत, आणि त्यात फार अतिशयोक्ती नसावी. माणसाचं नाव त्या विसरत, जन्माचं वजन विसरत नसत. आमच्या दारावर बंदूक घेऊन उभा राहणारा गार्ड सहा फुटी होता. त्याला पाहिलं की सिस्टर म्हणत, "दोन किलोचाबी नव्हता हा. कापसात गुंडाळून ठेवलता. आता पाहा, बँक राखून राह्यला." गार्ड बिचारा लाजून बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचा. आमचे मॅनेजर तेलंगणाकडचे. त्यांच्याबद्दल सिस्टरांचा अभिप्राय एवढाच होता, "मानूस बरा असंन. पण याचं वजन मले माहीत नाही, म्हणून भरोसा बसत नाही."

मंगेश हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याचं वजन भरपूर होतं. "मायं सारं रक्त पिऊन बाहेर आला पोट्टा," असं त्या कौतुकानं सांगत. सिस्टरांचे यजमान मंगेश शाळेत असतानाच गेले. मंगेश मोठा झाला, वणीला गेला, तिथं गॅरेजवर राहिला, मग कोळशाच्या गाड्यांच्या सुट्या भागांची ने-आण करू लागला आणि मग त्याला स्वतःची पिकअप गाडी पाहिजे झाली. फायनान्स कंपनीनं त्याचं सिबिल काढलं तर ते आधीच्या मोबाईलच्या आणि मोटरसायकलच्या हप्त्यांनी पार बसलेलं. मग कागदावर आई आली. कर्ज दोघांच्या नावानं, आणि हप्ता कापायचा तो आईच्या पेन्शनच्या खात्यातून. दर महिन्याच्या पाच तारखेला कंपनीनं यायचं आणि परस्पर घेऊन जायचं, अशा परवानगीवर सिस्टरांनी सही केली. मंगेश महिन्याच्या महिन्याला पैसे आईकडे पाठवणार होता.

गाडी आली त्या दिवशी सिस्टर बँकेत पेढे घेऊन आल्या. म्हणाल्या, "मागं लिवून आनलं, 'आईची पुण्याई'. मी म्हनलं, बापू, पुण्याई नको लिवू, पेन्शन लिव." सगळी शाखा हसली. मीही हसलो.

मंगेशनं सुरुवातीला पैसे पाठवले. मग अर्धे पाठवले. मग तो फोन पाठवू लागला. भिंतीपलीकडून मला एका बाजूचंच ऐकू यायचं. "हो... हो... या महिन्याचं पाहतो मी... असू दे... जेवला का?" दर फोन 'जेवला का'वर संपायचा. महिन्याचा हप्ता कुणी भरायचा याचा निकाल त्याच्या आधीच लागलेला असायचा.

तरीही पेन्शन पहिल्या तारखेला आली असती तर सगळं निभावलं असतं. पण जिल्हा परिषदेच्या पेन्शनचं येणं हे पाहुण्याच्या येण्यासारखं. कधी दहाला, कधी वीसला, कधी थेट पुढच्या महिन्यात. अनुदान आलं नाही, बिल अडकलं, कुणीतरी रजेवर गेलं, कारणं पुष्कळ. हप्ता मात्र एक दिवस पुढं सरकत नाही. पेन्शन सरकारी आणि हप्ता खाजगी, त्या दोघांच्या मधे भोयर सिस्टरांचं खातं.

पहिला हप्ता परत गेला तो दिवस मला आठवतो. पेन्शन आली नव्हती, म्हणून सिस्टर घरातली रोकड घेऊन पाच तारखेला आल्या. सगळ्यांत पहिला नंबर. नोटा माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "हे घ्या. कापून टाका."

मी स्क्रीनकडे पाहिलं. "सिस्टर, हप्ता येऊन परत गेला."

"कोठं गेला? पाच तारीख आज हाय ना?"

"आजच आहे. पण मशीन सकाळी बँक उघडायच्या आधीच बघून घेते. पैसे काल संध्याकाळी खात्यात पाहिजे होते."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. कामचुकार आशाताईकडे बघतात तसं.

"अजी भाऊ, तारीख म्हंजे का तारीख असते का? मी किती बायांले तारखा देल्या. आठ दिस इकडं, आठ दिस तिकडं होतेच. त्या दिशी लेकरू नाही आलं म्हून मी बाईले दंड लावला का?"

मागची रांग हसायला लागली. मलाही हसू आलं, पण सिस्टर गंमत करत नव्हत्या. त्यांच्या लेखी तारीख म्हणजे अंदाज. माणसानं तयारीत राहायचं, पाणी तापवून ठेवायचं आणि वाट पाहायची. नोकरीभर तारखेचा हाच अर्थ खरा ठरला होता. पाच तारखेला पैसे घेऊन पाच तारखेला हजर राहणारी बाई चुकली कुठं, हे मी त्यांना समजावू शकलो नाही. चार्ज मात्र समजावला. हप्ता परत गेला म्हणून आमच्या बँकेचा एक, त्यावर कर. त्याच कारणासाठी फायनान्स कंपनीचा वेगळा. कंपनी महिन्यात पुन्हा एकदा हप्ता मागून बघणार, तेव्हा खातं रिकामं असलं तर पुन्हा तेवढेच.

"म्हंजे खात्यात पैसे नाही, म्हून पैसे कापता तुमी," सिस्टर म्हणाल्या.

"हो."

"कायच्यातून कापता मंग?"

"पुढं येतील त्यातून."

त्यांनी मान हलवली. चिडल्या नाहीत. "दुष्काळात तेरावा महिना," एवढंच म्हणून त्या हात धुवायला गेल्या.

दोनतीनदा असं झाल्यावर त्या मॅनेजरांच्या केबिनमध्ये शिरल्या. चार्ज परत करा म्हणाल्या. मॅनेजर म्हणाले, सिस्टीम कापते, मी कापत नाही. सिस्टरांनी विचारलं, सिस्टीम कोठं बसते, मी जाऊन भेटते. आवाज चढले. दारातून आम्ही सगळे बघत होतो. मॅनेजर तांबडेलाल झाले, आणि एकाएकी सिस्टर त्यांच्याकडे निरखून बघायला लागल्या. "साहेब, खाली बसा. तोंड पाहा कसं झालं तुमचं. गोळी चालू हाय का बीपीची?" नव्हती. मग त्यांनी गार्डला घरी पिटाळलं, घरून त्यांचं बीपीचं यंत्र आलं आणि मॅनेजरांच्या दंडाला पट्टा बांधला गेला. आकडा ऐकून मॅनेजर घाबरले. त्या महिन्याचा चार्ज त्यांनी स्वतःच्या अधिकारात माफ केला आणि सिस्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं. पुढच्या महिन्यात माफ झाला नाही. अधिकार एकदाच वापरता येतो म्हणे. बीपी मात्र सिस्टर दर महिन्याला बघत राहिल्या.

रांगेत ताटकळताना त्या बायांचा वर्ग घेत. मी ऐकत ऐकत नोटा मोजायचो. पंक्चरच्या दुकानवाल्याची बायको शबाना एकदा रडकुंडीला येऊन म्हणाली, "सिस्टर, मैंने तो खाते को हात बी नहीं लगाया, फिर बी पैसे कम हो गए."

"हात नाही लावला तेच तर चुकलं. अंगातलं रक्त बसल्या जागी कमी होत नाही का? मिनिमम म्हंजे तेच. तेवढं ठेवाच लागते. त्याच्या खाली गेलं की मंग साधं खरचटलं तरी बाई जाते." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, हिले कायले या खात्यात टाकलं? हिचं ते शून्यवालं करून द्या ना."

शून्य शिल्लक चालणारं खातं आमच्याकडे होतं, पण आम्ही ते आपण होऊन कुणाला सांगत नसू. शबानाचं मी करून दिलं. त्या आठवड्यात शबानाच्या गल्लीतल्या सगळ्या बाया 'शून्यवालं' मागायला आल्या आणि मॅनेजरांचं बीपी पुन्हा वाढलं. सिस्टर समाधानानं बाकावर बसून होत्या. दुसऱ्याच्या खात्याचं त्यांना बरोबर कळायचं. स्वतःच्या खात्यात मुलाचा हात होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

आता गुडघ्याचं. इतकी वर्षं पोडांवर चढउतार केल्यावर उजव्या गुडघ्यानं जबाब दिला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी बदलायचा सांगितला. सरकारी योजनेत काही बसत होतं, बरंचसं बसत नव्हतं. निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातली एक मुदत ठेव सिस्टरांनी यासाठीच राखून ठेवली होती. तिला त्या गुडघ्याची एफडी म्हणत. घरात देवाजवळ बसणं बंद झालं होतं, खुर्चीवरून हात जोडत. रात्री कुशीवर वळताना त्यांचा 'आई गं' भिंतीपलीकडून ऐकू यायचा आणि लगेच 'काही नाही, काही नाही' असंही यायचं. घरात दुसरं कोणी नव्हतं. त्या स्वतःचीच समजूत घालत. मला फार वाईट वाटायचं.

ऑपरेशनची तारीख ठरली आणि नेमकी पेन्शन दोन महिने अडकली. हप्ते परत जाऊ नयेत म्हणून सिस्टरांनी गुडघ्याची एफडी मोडली, थोडी. मी म्हटलं, "सिस्टर, मंगेशला सांगा ना."

"सांगतलं. त्याचा बी माल उचलला नाही म्हने पार्टीनं." मग जरा थांबून, "गाडी गेली तर पोट्टं बसन घरी. गुडघा कोठं पळून चालला?"

तारीख पुढं गेली. मग आणखी एकदा गेली.

एव्हाना मशीनची चाल त्यांना कळली होती. पाचला यायचं सोडून त्या चार तारखेला दुपारीच येत. हप्त्याएवढी रक्कम नेमकी मोजून आणत, रुपया जास्त नाही, कारण जास्तीचं राहिलं तर त्यालाही कुणाचा तरी हात लागेल अशी त्यांना धास्ती. आणि तिथंच घात झाला. मागच्या महिन्यातला एक चार्ज वसूल व्हायचा राहिला होता. खातं रिकामं, म्हणून तो टपून बसला होता. सिस्टरांनी चारला पैसे भरले, त्यानं आपला वाटा उचलला, आणि पाचला सकाळी हप्ता आला तेव्हा थोडे पैसे कमी पडले. थोडेच. अख्खा हप्ता परत गेला. त्याच्यावर पुन्हा दोन्हीकडचा चार्ज.

मी हे सांगितलं तेव्हा त्या काऊंटरला धरून उभ्या होत्या. मला वाटलं, आता रागावतील, आणि रागावल्या तर बरं. मी स्वतःच इतका चिडलो होतो की माउस आपटला. त्या हसल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पदरानं नाही, मनगटानं पुसलं, कारण हात धुवायचे राहिले होते.

"हे बंद करा, भाऊ."

"खातं?"

"खातं नाही. माया खात्यातला त्याचा हात काढा."

हप्ता थांबवायचा अर्ज मी पुढं केला. सांगणं माझं काम होतं म्हणून सांगितलं, की कर्जावर तुमचीही सही आहे, कंपनी दारात येईल, गाडी ओढून नेईल. त्या म्हणाल्या, "नेऊ द्या." त्यांनी झटकन सही केली. नंतर बेसिनवर मात्र त्या फार वेळ होत्या. नळाचा आवाज येत राहिला आणि रांगेतलं कुणी कुरकुरलं नाही.

संध्याकाळी भिंतीपलीकडून बोलणं ऐकू आलं. "हो, मीच केलं... नाही... नाही म्हनलं ना... गुडघा, बापू, गुडघा!" मग फोन ठेवल्याचा आवाज. त्या दिवशी 'जेवला का' झालं नाही.

मंगेशचे फोन बंद झाले. सिस्टर वसुलीवाल्यांची वाट बघू लागल्या. गल्लीत मोटरसायकल थांबली की ओसरीवरून उठत, पदर नीट करत, पुन्हा बसत. उभ्या आयुष्यात त्यांच्या दाराशी कुणी मागायला आलं नव्हतं. आलेल्यांना काय सांगायचं ते त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं, मला एकदा म्हणूनही दाखवलं. पेन्शन आली, आणि पहिल्यांदाच ती सगळी खात्यात तशीच पडून राहिली. त्यावर त्यांचा विश्वास बसेना. रोज मला विचारत, "हाय ना? कोनी नेलं नाही ना?"

एका सकाळी त्या काऊंटरवर आल्या आणि मोठी रक्कम काढायची स्लिप पुढं केली. जवळजवळ गुडघ्याचं उरलंसुरलं सगळं.

"नागपूरला भरायचे का?" मी विचारलं.

"वनीले जातो."

थकलेले हप्ते एकदम भरायला आई चालली होती. मी नोटा मोजल्या, दोनदा मशीनमधून काढल्या आणि दिल्या. मनात मंगेशला जे काही म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही. सिस्टर हात न धुताच गेल्या, वणीची गाडी सुटेल म्हणून.

संध्याकाळी परतल्या. मी ओसरीवरच होतो. त्या आपल्या दारापर्यंत न जाता माझ्या पायरीवर बसल्या, पाय सरळ समोर काढून. पिशवी मांडीवर. पिशवी जड दिसत होती.

"घेतले नाही का त्यांनी?"

"घ्याचेच नव्हते," त्या म्हणाल्या. पाणी मागितलं. प्यायल्या. मग सांगितलं. फायनान्सच्या ऑफिसात पोरगी होती एक. तिनं नंबर टाकून पाहिला आणि म्हणाली, मावशी, तुमचं खातं बंद झालं त्याच आठवड्यात दुसरं खातं लावलं ना त्यांनी. स्वाती भोयर. हप्ते बरोबर चालू आहेत, पाचला सकाळीच पास होतात, एकही परत गेला नाही.

स्वाती म्हणजे सून. वणीतच एका खाजगी शाळेवर होती.

"चांगलं झालं," सिस्टर म्हणाल्या. जरा वेळानं पुन्हा म्हणाल्या, "चांगलंच झालं ना, भाऊ?"

"चांगलंच झालं."

"म्हंजे भरू शकत होते ते." त्या समोरच्या रस्त्याकडे बघत होत्या. "मले वाटे, मी नाही भरलं तर बुडते पोट्टं."

त्या रागावल्या असत्या, मंगेशला चार शिव्या दिल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. मी त्यांच्या वतीनं रागावायला तयार होतो. पण त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता शीण होता. एफडी मोडली, तारखा चुकवल्या, चार्ज भरले, कुशीवर वळताना ओरडल्या, आणि ह्यातल्या कशाचीच गरज नव्हती, हे कळलेल्या माणसाचा शीण. उलट मुलगा बुडाला नाही याचा आनंद त्यांना खराखुरा झाला होता. त्या दोन गोष्टी त्यांच्याच्यानं एकत्र सोसवत नव्हत्या. अंधार पडेपर्यंत त्या तिथं बसल्या आणि मीही बसलो. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेच बंडल परत भरलं, बंडलाच्या पट्टीवरची माझी सहीसुद्धा तशीच होती.

नागपूरची तारीख पुन्हा घेतली. आता खात्यातून कुणी काही नेत नव्हतं, आणि पेन्शनची थकबाकीही एकदाची पडली. सून फोन करून म्हणाली, आई, आम्ही येतो घ्यायला. सिस्टर मला म्हणाल्या, "या म्हनलं. एसटीच्या पायऱ्या आता जमत नाही."

ऑपरेशन चांगलं झालं असं मला कळलं. त्यानंतर त्या बहिणीकडं वर्ध्याला राहिल्या, घर भाड्यानं गेलं आणि त्याच सुमारास माझीही बदली झाली. फोनवर एकदोनदा बोललो. नव्या गुडघ्यानं त्या कशा चालतात ते मी कधी पाहिलं नाही. मी पाहिलं ते त्यांचं जाणं.

सकाळी पिकअप गल्लीत आली. मंगेश उतरला. पोट सुटलेला, ओशाळलेला माणूस. माझ्याशी डिझेलच्या भावावर बोलायला लागला, मी हूं हूं केलं. स्वातीनं पिशव्या आत ठेवल्या आणि मधे सरकून बसली. सिस्टर काठी टेकत गाडीच्या दारापाशी आल्या आणि थांबल्या. पायरी उंच होती. त्यांनी काठी आत दिली, दाराची कडी धरली आणि बरा पाय वर ठेवला. दुसरा उचलेना. पुन्हा केलं. पुन्हा नाही.

स्टिअरिंगपाशी बसलेल्या मंगेशनं स्वातीपुढून वाकून हात पुढं केला. "दे आई, हात दे."

सिस्टर त्या हाताकडे बघत राहिल्या. स्वाती आतून मान खाली घालून बसली होती. मी भिंतीपाशी उभा होतो आणि मनातून अगदी स्पष्ट वाटत होतं, की नका देऊ. गार्डला बोलवू, खुर्ची लावू, मी येतो, पण हा हात धरू नका. मंगेशचा हात तसाच हवेत होता. त्याला तो खाली घेता येत नव्हता.

मग सिस्टरांनी हात दिला. मंगेशनं जोर लावून वर खेचायला सुरुवात केली, तशा त्या कळवळल्या.

"ओढू नको," त्या म्हणाल्या. "मी येतो वर. तू नुसता धरून राह्य."